कच्चा लिंबू नको, भिडू हवा: फिजिओथेरपीत दोघा-चौघांचे खेळ कसे वापरायचे

येळ्ळूरच्या एका घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली. पक्षाघात होऊन तीन महिने झाले होते. भिंतीवर व्यायामाचा कागद चिकटवलेला, त्यावर दहा चित्रं, प्रत्येक चित्राखाली "१० वेळा, दिवसातून ३ वेळा". सून म्हणाली, "सर, चार दिवस केले. पाचव्या दिवशी कागदाकडे पाठ करून बसले, ते अजून तसेच."

त्याच पडवीत पाठीमागे कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. कोळ्यानं त्यावर जाळं धरलं होतं. आबा तरुणपणी गणपतीत मंडळाच्या स्पर्धा मारायचे, असं आठवीतल्या नातवानं सांगितलं. मी कागद काढून खिशात घातला आणि बोर्ड पुसायला लावला. पुसायला आबांनाच लावला, उजव्या हाताने, वरून माझा हात धरून. तो त्या दिवशीचा पहिला व्यायाम.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी बेळगाव शहरात असतो, दुपारनंतर तालुक्यात आणि खानापूरच्या बाजूला घरोघरी जातो. आमच्या भागात जांबोटीकडच्या माणसाला एकदा शहरात येऊन जायचं म्हणजे दिवस मोडतो. साध्या सरकारी बसला बायकांना २०२३ पासून तिकीट नाही, पण आजाऱ्याला आणि त्याच्याबरोबरच्या गड्याला आहे, शिवाय भातलावणीत आणि ऊसतोडीत बरोबर यायला माणूस मिळत नाही. त्यामुळे खरा उपचार दोन भेटींच्या मधल्या पंधरा दिवसांत घरी होतो, किंवा होत नाही. तो घरी कसा व्हावा, यासाठी हा लेख. घरच्यांसाठी आहे, आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या आमच्या मुलामुलींसाठीही.

खेळच का, हा आधी हिशेब

पक्षाघातानंतर मेंदूला हात पुन्हा शिकवायचा तर एकच हालचाल शेकड्यानं करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिवसाला चारशे ते सहाशे वेळा हालचाल करून घेतात, तेव्हा मेंदूत बदल दिसतो. प्रत्यक्ष माणसांच्या उपचारात किती होते? अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांतली तीनशेहून जास्त सत्रं शेजारी बसून मोजली गेली, तो अभ्यास २००९ मध्ये आला. एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली भरल्या सरासरी ३२. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवलं की नीट आखणी केली तर तासाभरात तीनशेपर्यंत जाता येतं, रुग्णाला ते झेपतं.

आता कॅरमचा हिशेब करा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. एकूण १९ सोंगट्या. एक डाव संपला की त्या जाळीतून काढायच्या, म्हणजे १९ वेळा चिमूट. पुन्हा मांडायच्या, आणखी १९. तीन डाव झाले की ११४ चिमटी झाल्या, आणि अजून स्ट्रायकर मोजलाच नाही. आबांना कुणी "११४ वेळा चिमूट करा" म्हणालं असतं तर त्यांनी त्याला पडवीतून हाकललं असतं.

पण कॅरम एकट्यानंही खेळता येतो, आणि एकट्यानं कुणी तीन डाव खेळत नाही. समोर हरवायला कुणीतरी लागतं. माझ्या अनुभवात फरक पडतो तो या समोरच्या भिडूनं. बोर्ड, पत्ते, टीव्हीला जोडायचं महागाचं यंत्र हे सगळं त्याच्यानंतर.

यंत्राचं एवढ्यासाठी म्हणतो की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. "सर, ते पुण्यात टीव्हीसमोर हात हलवून खेळवतात म्हणे, तसलं घेऊ का?" निन्टेन्डो कंपनीचा वी २००६ मध्ये आला आणि जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत शिरला. त्याची कसून परीक्षा झाली, तिचा निकाल २०१६ मध्ये आला. चार देशांतले १४१ पक्षाघाताचे रुग्ण घेतले. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं. निम्म्यांना वी दिला, निम्म्यांना पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा आणि चेंडू. दोन्हीकडचे हात सुधारले, आणि दोघांत फरक निघाला नाही. मला तर ही बातमी वाचून आनंदच झाला. पत्त्यांचा जोड घरोघरी असतो आणि लाईट गेली म्हणून बंद पडत नाही.

पायरी पहिली: खेळायला परवानगी आहे का

हे कंटाळवाणं आहे, पण वगळू नका. पक्षाघाताच्या पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला जोरात हलवायची घाई चांगली नसते, हे २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे दवाखान्यातल्या पलंगावर पत्ते घेऊन जाऊ नका. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हो म्हणाले की मग सुरू करा.

हाड मोडलं असेल तर विचारायचा प्रश्न एकच: या हातापायावर किती भार चालेल? खुबा बदलला असेल तर बहुतेक सर्जन मांडी घालून बसू नका, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकू नका असं सांगतात. अशा माणसाला जमिनीवरचा सारीपाट पूर्ण बंद, पट टेबलावर आणा. गुडघा बदललेल्यांनाही खुर्चीच बरी. फिट येत असेल तर चमकणाऱ्या पडद्याचे खेळ नकोत.

घरात रक्तदाबाचं यंत्र असेल तर खेळापूर्वी पाच मिनिटं शांत बसवून मोजा. वरचा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या दिवशी खेळ नाही, डॉक्टरांना फोन. खेळताना छातीत दुखलं, अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसराही हात लुळा पडला, तर "थोडं पडू दे" म्हणू नका. १०८ लावा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. खानापूरच्या पलीकडच्या गावातून बेळगाव गाठायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर खेळ थांबवून आधी दाखवा.

आणि लुळा खांदा असलेल्या माणसाला काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढून बसतं करू नका. खेळाच्या खुर्चीवर आणतानाच निम्म्या घरांत ही चूक होते. मग महिनाभर खांदा दुखतो आणि दोष कॅरमला मिळतो.

पायरी दुसरी: कुठली हालचाल हवी ते कागदावर लिहून घ्या

आमच्याकडे मिळणारे दवाखान्याचे कागद इंग्रजीत, कधी कानडीत. घरच्यांना त्यातलं एक अक्षर कळत नाही आणि ते विचारायला लाजतात. लाजू नका. आपल्या फिजिओथेरपिस्टकडून साध्या मराठीत दोन ओळी लिहून घ्या: कुठली हालचाल वाढवायची, आणि कुठली चोरटी हालचाल होऊ द्यायची नाही. उदाहरणार्थ, "बोटं उघडायची. हात पुढे नेताना कंबरेतून वाकायचं नाही."

दोनच ओळी. पाच हालचाली एका खेळात कोंबल्या की एकही धड होत नाही.

पायरी तिसरी: हालचालीला खेळ शोधा

कॅरमवर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा. पक्षाघातात मूठ आवळणारे स्नायू ताठ होतात आणि बोट उघडणारे दुबळे पडतात. स्ट्रायकर मारताना नेमकं काय करतो आपण? बोट अंगठ्यामागे अडवतो आणि झटकन उघडतो. जे हवं तेच. शिवाय हात तळाशी टेकलेला असतो, त्यामुळे खांद्याला वजन पेलावं लागत नाही.

बोर्ड टेबलावर, बेंबीच्या जरा वर. खुर्ची हात नसलेली, पाय पूर्ण जमिनीवर. बोटं मुळीच उघडत नसतील तर स्ट्रायकर तळव्याच्या कडेनं ढकलू द्या. तेही होत नसेल तर हाताखाली मऊ फडकं ठेवा, बोर्डवर थोडी पावडर टाका आणि फडक्यासकट हात सरकवत सोंगट्या जाळीपर्यंत लोटू द्या. वजन बोर्ड घेतो, सरकवायचं काम तेवढं हाताचं. पावडर बोरिकची असते, म्हणून हाताला जखम असेल तर आणि लहान मुलं जवळ असतील तर जपून. सुपारीएवढी पुरते, भस्म लावल्यासारखी नको. पावसाळ्यात इकडे बोर्ड फुगतो, तेव्हा उन्हाची तिरीप आली की तापवून घ्या, नाहीतर सोंगटी सरकत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आता एका उशीची गोष्ट. हात पुढे जात नाही म्हणून रुग्ण अख्खं अंग पुढे टाकतो. स्ट्राइक बसतो, पण कोपर आणि खांदा काहीच शिकत नाहीत. आबांच्या पाठीत आणि खुर्चीत मी एक छोटी उशी ठेवली आणि नियम केला: उशी पडली की तो स्ट्राइक बाद, सोंगटी परत. पंच नातू. पहिल्या दिवशी नऊ वेळा उशी पडली. नातवानं एकदाही सोडलं नाही. मी शंभरदा "पाठ टेकवा आबा" म्हणालो असतो तरी जे झालं नसतं ते त्या पोरानं एका दुपारी केलं. तिसऱ्या आठवड्यात नातवानं स्वतःची सोंगटी हळूच सरकवली, तेव्हा बरेच दिवस एकेक शब्द बोलणारे आबा ओरडले, "रडी खेळूलास!"

पत्ते मनगटासाठी. पत्ता उलटा करणं म्हणजे तळवा आकाशाकडे वळवणं. मनगटाचं हाड मोडून प्लास्टर निघालं की अनेकांची हीच हालचाल मागे राहते. पावसात बांधावरून घसरून हात टेकून पडलेल्या बायका दर आषाढात येतात, त्यांच्यासाठी भिकार-सावकार उत्तम. डोकं लागत नाही आणि दर चालीला पत्ता उलटायचा असतो. हाताची परीक्षा घेण्याची जेबसन म्हणून जुनी पद्धत आहे, तिच्यातही कार्ड उलटायची चाचणी आहेच. पानं धरता येत नसतील तर कपडे धुवायचा ब्रश उलटा ठेवा आणि केसांत पानं खोचा. मेंढीकोट, गुलामचोर आरामात होतो. पैसे मात्र लावायचे नाहीत. एकदा लावले की चोरटी हालचाल कुणी बघत नाही.

डाव्या अंगाचा पक्षाघात झालेल्या काही जणांना डावी बाजू आहे हेच ध्यानात येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा वेळी भिडू डावीकडे बसवा, पत्त्यांची उतारी डावीकडे टाका, आपली पाळी आली हे तिकडून कळू दे. सुरुवातीला चिडतील. हळूहळू वाढवा.

कवड्या आपल्याकडे कोनाड्यात पडून असतात. आमचे कानडी शेजारी ज्याला चौकाबारा म्हणतात तो पंचवीस घरांचा पट खडूनं टेबलावर काढा. चार कवड्या मुठीत घोळवायच्या आणि टाकायच्या. घोळवताना बोटं एकमेकांवर चालतात, टाकताना मूठ उघडावी लागते. निपाणीकडे बायकांचे हात वर्षानुवर्षं विडी वळून सराईत झालेले असतात. पक्षाघातानंतर बोटांचं ते बारीक काम गेलं की त्यांना फार लागतं. त्यांना मी सागरगोटे देतो, आधी वर न उडवता, फक्त टेबलावरून उचलून मुठीत साठवायचे.

पायासाठी खुर्चीतला फुटबॉल. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये पाच-सहा फूट, प्लास्टिकचा हलका चेंडू. लाथ मारताना गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच हवा, अर्ध्यावर मारलेला गोल धरायचा नाही. गुडघा बदलल्यावर मांडीचा स्नायू जागा करायला याच्यासारखं काही नाही. उभं राहण्याच्या तयारीसाठी कॅरममध्येच एक नियम घाला: सोंगटी गेली की उठून उभं राहायचं, मग बसायचं.

खांद्याला फुगा. साधा वाढदिवसाचा फुगा, दोघंही बसून, एकमेकांकडे टोलवायचा. तो इतका सावकाश येतो की लुळ्या हाताला पोचायला वेळ मिळतो, आणि लागला तरी लागत नाही. दोन्ही हातांची बोटं गुंफून टोलवलं तर चांगला हात दुबळ्याला ओढत नेतो. तोल सांभाळून उभं राहणाऱ्यांना रिंग फेकायला द्या, पण पाठीमागे भिंत, बाजूला खुर्ची, आणि जमीन कोरडी. शेणानं सारवलेल्या किंवा नुकत्या पुसलेल्या जमिनीवर नको.

पायरी चौथी: भिडू निवडा

खेळ चुकला तर दुसऱ्या दिवशी बदलता येतो. भिडू चुकला तर माणूस खेळच सोडतो. त्यामुळे मी घरी गेलो की आधी घरातली माणसं बघतो.

दहा ते चौदा वर्षांची पोरं सगळ्यात चांगली. ती दया करत नाहीत. जुना जोडीदार, तालमीतला किंवा मंडळातला, दुसऱ्या नंबरावर. बायको किंवा नवरा बऱ्याचदा जमत नाही, कारण दिवसभर औषध, आंघोळ, पथ्य यावरून झालेली कटकट पटावर उतरते. सासरा आणि सून यांचं तर आमच्याकडे अजून अवघडच. सून बिचारी हरण्यासाठीच खेळते.

बायका रुग्ण असल्या की वेगळाच प्रश्न. पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाई आजारी पडली की भाकरीपुरता हात हलायला लागल्या दिवशी ती बरी झाली असं ठरतं. दुपारी तीन ते साडेतीन शेजारणी येतील आणि पत्ते खेळतील, हे डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आहे, असं मी घरातल्या कर्त्या पुरुषाला स्पष्ट सांगतो. गरज पडली तर कागदावर लिहून सही करून देतो. कागदाचा मान राहतो.

भाषेची अडचण पटावर नसते. वडगावच्या एका विणकर काकांची वाचा गेली होती. घरचे मराठीत बोलवून थकले. पत्ते खेळायला शेजारचे कानडी गृहस्थ यायचे, ते हात मोजताना "ओंदु, एरडु, मूरु" म्हणायचे. एके दिवशी "मूरु" काकांनी म्हटलं. मराठी नंतर आली. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा एकाच वेळी परत येतील असं नसतं, म्हणून आमच्यासारख्या मुलुखात भिडू कुठल्या भाषेत मोजतो याकडेही लक्ष ठेवा.

सगळ्यांना हार-जीत मानवते असंही नाही. एक पेशंट आणि एक धडधाकट माणूस असे जोडीनं खेळवून पाहिलेला २०१७ चा एक अभ्यास आहे. चुरशीच्या खेळात बऱ्याच जणांनी जास्त जोर लावला आणि त्यांना तो आवडलाही, पण काहींना एका बाजूनं मिळून खेळणंच बरं वाटलं. ज्यांचा स्वभाव पूर्वीपासून हार मनाला लावून घेणारा आहे, त्यांना जोडीदार द्या: दोघं मिळून फुगा किती वेळ खाली पडू देत नाहीत ते मोजा. कालचा आकडा हाच विरोधी पक्ष.

पायरी पाचवी: डाव बरोबरीचा करा

लहानपणी खेळात धाकट्याला "कच्चा लिंबू" करायचो आपण. खेळतो, पण बाद होत नाही. आजाऱ्याला असं करू नका. तो लगेच ओळखतो आणि त्याला ते बाद होण्यापेक्षा वाईट लागतं. मुद्दाम हरणंही तेच.

त्यापेक्षा भिडूच्या पायात बेडी घाला, उघडपणे, नियम म्हणून. भिडूनं डाव्या हातानं मारायचं. भिडूला रिबाउंडनंच सोंगटी घालायची मुभा. भिडूनं फुगा फक्त करंगळीनं टोलवायचा. पत्त्यांत भिडूनं एक पान कमी घेऊन सुरू करायचं. नेम असा धरा की दहातले चार ते सहा डाव रुग्ण जिंकेल. सात जिंकायला लागला की बेडी एक कडी सैल करा. आबांच्या नातवानं पहिला महिना डाव्या हातानं खेळून काढला. आता त्याचा डावा हात आबांच्या उजव्यापेक्षा चांगला झालाय, हे त्याला कुणी सांगू नका.

चांगल्या हाताला मात्र आवरा. सोंगट्या मांडताना तो आपसूक पुढे येतो. त्यानं उशी धरून ठेवावी किंवा बोर्डाची कड धरावी, असं काम द्या. चांगला हात दिवसभर बांधून ठेवायची एक उपचारपद्धत आहे, पण ती फिजिओथेरपिस्टनं तपासून, ठरावीक रुग्णांनाच देतात. ती ऐकून घरी हात बांधू नका. तोल गेला तर सावरायला तोच हात असतो.

पायरी सहावी: किती वेळ, कधी थांबायचं

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. दमलेला हात चुकीचं शिकतो. जोर किती लागतोय ते ० ते १० मध्ये विचारा, ३-४ च्या आसपास ठेवा. याहून सोपी कसोटी: भिडूशी वाद घालता येतोय पण अभंग म्हणता येत नाही, एवढा दम लागलेला ठीक. वादही घालता येत नसेल तर जास्त झालं.

खेळानंतर थोडं दुखणं चालेल. दोन तासांनीही तेवढंच दुखत असेल किंवा सकाळी सांधा सुजलेला दिसला, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. खेळ पूर्ण बंद करू नका. हरायला लागलेला माणूस "अजून एक डाव" म्हणतो, तो डाव बहुतेक वेळा जास्तीचा असतो. मी घड्याळाचा गजर लावायला सांगतो. घड्याळाशी भांडता येत नाही.

पडद्यावरचे खेळ, थोडक्यात

कुणाकडे मुलानं परदेशातून आणलेला वी असेल तर वापरा. दोघांचा टेनिस, बोलिंग छान आहे. रिमोटची दोरी मनगटात अडकवा, समोर दोन हात मोकळी जागा ठेवा. एक्सबॉक्सचा किनेक्ट हातात काही न धरता हालचाल ओळखायचा, म्हणून मूठ न धरता येणाऱ्यांना सोयीचा होता, पण त्याचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं. जुना मिळाला तर तपासून घ्या. दोन्हींत एक खोड आहे: मनगट झटकून खांद्याचं काम केल्याचं भासवून यंत्राला फसवता येतं. ते नातवाला फसवता येत नाही. डोळ्यांवर बांधायचे आभासी खेळांचे चष्मे तोल गेलेल्यांना घरी देऊ नका.

मोबाईलवरचा लुडो अंगठ्याला पुरतो, खांद्याला काही देत नाही. त्यापेक्षा पुण्यात किंवा बेंगळुरूत असलेल्या नातीला व्हिडिओ कॉलवर हाउजीचे आकडे पुकारायला सांगा. इकडे तिकिटावर चिंचोका ठेवायचा, तो दुबळ्या हातानं. रविवारी संध्याकाळी हे अनेक घरांत छान चालतं. रेंज गेली तर गेली.

पायरी सातवी: चौघं-सहा जण जमवा

एका गावात तीन-चार रुग्ण असतातच. गणपती मंडळाची खोली वर्षातले अकरा महिने रिकामी असते. दुपारी चारला आठवड्यातून दोनदा मागा. बघायच्या गोष्टी थोड्या: पायऱ्या किती, जवळ शौचालय आहे का, खुर्च्या हलतात का. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर घसरते, ती भिंतीला लावा. दर दोन रुग्णांमागे एक धडधाकट माणूस हवाच. गोल बसून फुगा, मग दोन बोर्डांवर कॅरम. चहा पाजताना घशाचा त्रास असलेल्यांची आधी चौकशी करा, पातळ चहा काहींना ठसका लावतो.

बघ्यांना आत घेऊ नका. "अरे, पूर्वी कसला खेळायचा हा!" असं एकानं म्हटलं आणि एक पेशंट पुन्हा आला नाही. ती चूक माझी, मी दार उघडं ठेवलं होतं.

वही

शंभर पानी वही, सहा रकाने: तारीख, खेळ, मिनिटं, उशी किती वेळा पडली, दुखणं ० ते १०, कोण जिंकलं. शेवटचा रकाना कुणी भरायला विसरत नाही, त्यामुळे बाकीचे पाचही भरले जातात.

पंधरा दिवसांनी एक मोजमाप. दोन वाट्या, मध्ये उभं पुस्तक. एका वाटीतल्या सोंगट्या एकेक करून पुस्तकावरून पलीकडच्या वाटीत, दुबळ्या हातानं, साठ सेकंदांत किती? आमच्याकडे ठोकळ्यांची अशीच एक चाचणी वापरतात, ही तिची घरगुती बहीण. आबांचा आकडा पहिल्यांदा दोन होता. दीड महिन्यानं अकरा. त्यानंतर तीन आठवडे अकराच राहिला. असं थांबतं, तेव्हा खेळ बदलायचा. आम्ही पत्त्यांवर गेलो.

पुढच्या भेटीला येताना ती वही आणा आणि मोबाईलवर एका मिनिटाचा व्हिडिओ, बाजूनं काढलेला, ज्यात पाठ, खांदा आणि हात तिन्ही दिसतील. समोरून काढलेल्यात फक्त हसरा चेहरा दिसतो. आबांच्या घरून आलेल्या शेवटच्या व्हिडिओत हात, खांदा, पाठ सगळं व्यवस्थित दिसत होतं, उशीही जागेवर होती. राणीचं कव्हर गेलं की नाही, यावर दोघांचं जुंपलं होतं आणि कॅमेरा धरणारी सून आबांच्या बाजूनं बोलत होती.